अडीचशे ग्रॅम

गोराई,
६ जुलै २०२४

प्रिय कल्पू,

डबा आत्ताच उघडू नकोस, आधी पत्र वाच. डब्यात खारवलेल्या सुरमईच्या दोन लांब फाका आहेत. वरून तीन पिशव्या बांधल्यात, तरी वास सुटणारच. हॉस्टेलच्या मुलींनी तुला खोलीबाहेर काढलं तर मला दोष देऊ नकोस.

रविवारच्या फोनवर तुझ्याशी काही बोलताच येत नाही. तुम्हा मुलींना आठवड्यातून अर्धा तास फोन हातात मिळतो, आणि तो अर्धा तास आई स्पीकर लावून ओट्यावर बसते. सगळी आळी तुझी चौकशी करून घेते आणि माझ्या वाट्याला शेवटी "बरी आहेस ना?" एवढंच येतं. म्हणून मी ठरवलं, आपण पत्रं लिहायची. मुलुंड काही लांब नाही, पत्र तीन-चार दिवसांत पोचतं. हसू नकोस.

इकडे मासेमारी बंद आहे. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली घातल्यात. आई बोरिवलीच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. बाबा जाळी दुरुस्त करतात. तुझा फोन आला की उठून खाडीकडे जातात. बोरिवलीच्या हॉलमध्ये बॉक्सिंगच्या लढतीत तुझं नाक फुटलं त्याला आता चौदा महिने झाले. लढत अर्ध्यावर टाकून ते घरी आले आणि "पोरीला मार खाताना बघायचं माझ्यानं होनार नाय" एवढं बोलले. त्यानंतर तुझ्याशी एक शब्द नाही. मी त्यांना किती वेळा समजावलं. मुलींनी काय करावं आणि काय करू नये याबद्दलचे जुने विचार आता सोडायला हवेत, हे मी शांतपणे, उदाहरणं देऊन सांगते. ते ऐकून घेतात आणि जाळ्याची पुढची गाठ मारतात. पण मी सोडणार नाही. घरात एक जण शिकला की बाकीच्यांना पुढे नेणं ही त्याची जबाबदारी असते, असं मला वाटतं.

माझ्याकडे आता शिकवणीला नऊ मुलं आहेत, आणि एम.ए.चा फॉर्म भरलाय. शिवाय सकाळच्या पहिल्या फेरीबोटीची वेळ माझ्या अर्जामुळे वीस मिनिटं आधी झाली. आई बाजारात सगळ्यांना सांगत फिरते. तेव्हापासून गावात कुणाचंही काम अडलं की विनिताकडे. रेशनकार्ड, पाण्याची जोडणी, सगळे अर्ज मीच लिहिते. नियम एकच, सही करण्याआधी अर्ज वाचून दाखवणार. "तू लिवलंस ना, मग झाला," म्हणतात, पण मी ऐकत नाही. आपण कशाखाली सही करतो ते माणसाला कळलंच पाहिजे.

चौदा तारखेला अंधेरीला तुझी जिल्हा स्पर्धा. मला यायचं होतं, पण त्या दिवशी मुलांची परीक्षा आहे. तुझ्या कोच शॅरन मॅडमना माझा नमस्कार सांग. इथल्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी तुझ्या हातात पहिल्यांदा ग्लोव्ह्ज घातले तेव्हा तू त्यातून नाकही पुसू शकत नव्हतीस, आठवतं?

"मी सध्या फार खात नाही" असं तू गेल्या रविवारी म्हणालीस आणि आईचा जीव तुटला. सुरमई तिनंच दिलीय. भरपूर खा आणि जिंकून ये.

तुझी,
ताई


मुलुंड,
१८ जुलै २०२४

ताई,

हरले. पहिल्याच लढतीत बाहेर. पंचांचं जे असतं ते असतं, काय बोलणार.

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्या ओरडतात तेव्हा बरं असतं गं, न बोलल्या की वाट लागते. परत आल्यावर त्यांनी मला दोन दिवस फक्त धावायला लावलं. आमच्या मागे डोंगर आहे, त्याच्या कडेकडेनं रस्ता जातो. धावताना डोकं रिकामं होतं असं म्हणतात. माझं होत नाही.

सुरमई संपली. आमचे आचारी काशीरामकाका आयुष्यभर साताऱ्याकडे राहिलेले, त्यांनी नाकाला पंचा बांधून भाजून दिली. खोलीतल्या पाचही मुली गॅलरीत जाऊन बसल्या. त्यातली एक मणिपूरची. ती तेवढी परत आली आणि म्हणाली, मला दे एक घास. दिला.

घरी सांग, खूप आवडली. सगळ्यांना सांग. आणि हरल्याचं बाबांना सांगू नका. विचारलंच तर म्हणा, पुढच्या वेळी बघू.

कल्पिता


गोराई,
२४ जुलै २०२४

प्रिय कल्पू,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. भाजलेल्या मासळीवर अख्खा परिच्छेद आणि स्पर्धेवर दोन ओळी. कुणाशी खेळलीस ते नाही, गुण किती ते नाही, कुठल्या फेरीत कमी पडलीस ते नाही. "पंचांचं जे असतं ते असतं" म्हणजे काय?

मला जे वाटतं ते सरळ लिहिते. तुझ्यावर अन्याय झालाय आणि तू तो गिळून बसली आहेस. आपण अशाच वाढलो. बाजारात कुणी आईची टोपली पायानं सरकवली तर ती गप्प बसून टोपली परत जागेवर ओढते. बाबा तर तोंडच उघडत नाहीत. गप्प बसणं हा आपल्या घराचा रोग आहे. मी शिकले ते तो बरा करायला.

तीन प्रश्नांची उत्तरं दे. समोरची मुलगी कुणाच्या ओळखीची होती का? पंचांबद्दल आधी कुणी काही बोललं होतं का? आणि त्या दिवशी टेबलावर अधिकारी कोण होते?

घाबरू नकोस. मी आहे.

ताई


मुलुंड,
३१ जुलै २०२४

ताई,

उत्तरं : नाही. नाही. विसरले.

हा विषय सोड ना प्लीज. तू मला काहीही विचार, माझ्या पायाच्या नखांबद्दल विचार, पण हे नको.

नवीन बातमी. डिसेंबरमध्ये राज्याच्या संघासाठी निवड आहे, पुन्हा अंधेरीलाच. मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं की या वेळी काही चुकलं तर हॉस्टेलमधली माझी खाट दुसऱ्या मुलीला जाईल. खाटा बारा आणि वाट बघणाऱ्या चाळीस. त्यांचं बरोबर आहे. म्हणून आता मला फक्त डिसेंबर दिसतोय. सकाळी पाचला उठते, नऊला झोपते. तू पण तेवढंच बघ.

कल्पिता


गोराई,
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय कल्पू,

रागावशील, पण वाचून घे. मी अर्ज केलाय.

"विसरले" हा शब्द वाचला आणि मला राहवलं नाही. तुला आठव्या वर्षीची गणेश विसर्जनाची भांडणं आठवतात, आणि गेल्या महिन्यातले पंच आठवत नाहीत? तुझी खाट जाईल या भीतीनं तू बोलत नाहीस हे मला कळलं. म्हणून तुझ्या वतीनं मी जिल्हा संघटनेला लिहिलं. भाषा सभ्य ठेवलीय. "चौदा जुलैच्या स्पर्धेत माझ्या बहिणीच्या लढतीचा निकाल पक्षपाताने दिला गेल्याची आम्हा कुटुंबीयांची भावना असून त्याची निःपक्ष चौकशी व्हावी," एवढंच. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. पोचपावतीही आली.

शॅरन मॅडमना मुद्दाम सांगितलं नाही. त्यांना संघटनेशी रोज संबंध ठेवावा लागतो, त्यांना अवघड झालं असतं.

एक दिवस तुला वाटेल की ताईनं बरोबर केलं.

ताई


मुलुंड,
२७ ऑगस्ट २०२४

ताई,

मी हरले नाही. मी खेळलेच नाही.

खेळायच्या दिवशी सकाळी आमचं वजन करतात. माझा गट चोपन्न किलोचा. काटा चोपन्नच्या वर गेला की रिंगमध्ये पाय टाकता येत नाही. अकरा दिवस मी उकडलेल्या भाज्या आणि अंड्याचं पांढरं खात होते, सगळं बिनमिठाचं. "फार खात नाही" ते यासाठी. स्पीकरवर अख्ख्या आळीसमोर काय सांगू? तेरा तारखेला संध्याकाळी त्रेपन्न आठशे भरले. दोनशे ग्रॅम हातात. मग मी तुझा डबा उघडला.

तू लिहिलंस, आईनं दिलीय. ताई, फाकेच्या शेपटीत जाळ्याचा निळा दोरा होता आणि त्याला तीन वेढ्यांची गाठ. तशी गाठ आपल्या घरात एकच माणूस मारतो.

चौदा महिने. आणि मग ती गाठ. मी मासळी दुसऱ्या दिवसावर ठेवायची होती, माहीतय मला. मीठ पाणी धरून ठेवतं हे आम्हाला इथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण बाबांनी माझ्यासाठी काहीतरी केलंय आणि मी त्याला झाकण लावून कपाटात ठेवते, हे मला जमलं नाही. दोन्ही फाका खाल्ल्या, वर भात. मग तहान लागली. किती पाणी प्यायले ते मोजलं नाही.

सकाळी चोपन्न सहाशे. कमी करायला तासभर देतात. प्लास्टिकचा सूट घालून दोरीवरच्या उड्या मारल्या, पायऱ्या चढले-उतरले, कपात थुंकत बसले. शेवटी काट्यावर अडीचशे ग्रॅम जास्त. वेळ संपली. समोरच्या मुलीचा हात त्यांनी मी रिंगमध्ये नसतानाच वर केला.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर बाबांपर्यंत गेलं असतं. म्हणून "हरले" लिहिलं. हरणं सोपं असतं गं. बाबांना त्याची सवय पण झाली असती.

आता तुझ्या अर्जाचं. परवा संघटनेनं मॅडमना आणि मला बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या मुलीविरुद्ध पक्षपात कुठल्या पंचानं केला, नाव सांगा. मॅडमनी वजनाचा कागद पुढे ठेवला. त्यावर माझीच सही आहे. बास. परत येताना बसमध्ये त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुझ्या घरच्यांना मी अशी वाटते का?"

तीस सप्टेंबरपर्यंत तक्रार मागे घेतल्याचं पत्र द्यायचंय, खरं कारण लिहून. नाहीतर डिसेंबरच्या यादीत माझं नाव घेणार नाहीत. मला अठरा पूर्ण व्हायला जानेवारी उजाडेल, म्हणून सही पालकाची हवी. पालक म्हणून फॉर्मवर बाबा आहेत, तूच लिहिलं होतंस.

एक कर. कागद लिही, त्यांच्यापुढे ठेव आणि बोटानं जागा दाखव. ते विचारणार नाहीत. हॉस्टेलच्या फॉर्मवर पण तशीच केली होती सही, मान वर न करता. त्यांना कळू देऊ नकोस. त्यांच्या हातच्या मासळीनं हे झालं असं कळलं तर ते पुन्हा माझ्यासाठी काही करणार नाहीत. तुझा तो वाचून दाखवायचा नियम एकदा बाजूला ठेव. माझ्यावर तेवढे उपकार कर.

कल्पिता


गोराई,
१६ सप्टेंबर २०२४

कल्पू,

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी शिकवणी बंद ठेवली. मुलांना सांगितलं, ताप आहे.

आधी माझा खोटेपणा. मेमध्ये होड्या वर ओढायच्या आधी मिळालेली ती शेवटची मोठी सुरमई. बाबांनी ती विकू दिली नाही. स्वतः मीठ भरलं, स्वतः वाळवली, आणि जुलैत माझ्या हातात देऊन म्हणाले, "आईनं दिली सांग." मला त्याचं हसू आलं. केवढा हा अहंकार, असं वाटलं. त्याच दुपारी मी तुला त्यांच्या जुन्या विचारांबद्दल परिच्छेद लिहिला. ते पत्र तू जाळून टाक.

मग मॅडम. रविवारी त्या इथल्या चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला येतात, ती सुटल्यावर मी फाटकाशी उभी राहिले. माफी मागायला वाक्यं पाठ करून गेले होते, त्यातलं एकही आठवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू अर्ज छान लिहितेस, विनिता. पण आधी विचारायला काय झालं होतं? मी दर रविवारी इथेच असते." मला वाटत होतं मी आपल्या घराचा गप्प बसायचा रोग बरा करतेय. आणि तुला, मॅडमना, बाबांना, कुणालाही मी नीट काही विचारलेलंच नव्हतं. मी फक्त लिहीत होते.

आता सहीचं. तू सांगितलंस तसं करायचं मी ठरवलं होतं. खरंच. कागद लिहिला, संध्याकाळी बाबा ओट्यावर जाळं घेऊन बसले होते तिथे गेले, पेन दिलं आणि बोट ठेवलं. म्हटलं, कल्पूच्या हॉस्टेलचं काहीतरी आहे. त्यांनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

म्हणाले, "सगल्या गावाला वाचून दाखवतंस. मला नाय?"

कल्पू, मी वाचलं. मध्येच एखादं वाक्य गाळता येतं का ते बघितलं, नाही गाळता आलं. "घरून पाठवलेली खारी मासळी आदल्या संध्याकाळी खाल्ल्यामुळे वजन वाढून" इथे मी घाईघाईनं पुढे गेले. त्यांनी मला थांबवून पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"किती जास्त भरली?"

मी सांगितलं, अडीचशे ग्रॅम.

"म्हंजे एक बांगडा," ते म्हणाले. आई दारात येऊन उभी होती. मग म्हणाले, मिठाचं तिला ठावं होतं तर तिनं मासा टाकून द्यायचा होता. मी म्हटलं, तुमच्या हातची आहे हे तिनं गाठीवरून ओळखलं होतं. मग त्यांनी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, रामचंद्र आणि आडनाव, एक एक अक्षर. एरवी नुसतं 'रा' काढून रेघ ओढतात.

त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले. तिसऱ्या दिवशी मला विचारलं की बॉक्सिंगवाल्यांना मीठ अजिबातच चालत नाही का, आणि चालत नसेल तर माणूस जगतं कसं. मला उत्तर माहीत नव्हतं. तू लिही.

पत्र संघटनेच्या कार्यालयात मी स्वतः नेऊन दिलं.

तू सांगितलेलं मी ऐकलं नाही. त्याबद्दल मला शिव्या दे. पण मी ऐकलं असतं तर फसवणूक झाली असती, आणि त्यांच्या ती लक्षात आली असती.

विनिता


मुलुंड,
१ ऑक्टोबर २०२४

ताई,

शिव्या दिल्या. मनातल्या मनात, डोंगरापर्यंत आणि परत. मणिपूरच्या मैत्रिणीला ऐकवल्या, तिला मराठी येत नाही म्हणून बरं.

मग रात्रीचं आवरून झाल्यावर तुझं पत्र पुन्हा काढलं आणि तेवढंच वाचलं, त्यांनी पूर्ण नाव लिहिलं ते.

नाव यादीत आहे. मॅडमनी कागद दाखवला आणि म्हणाल्या, चल, कामाला लाग. म्हणजे आता त्या बोलतायत, झकास.

बाबांना सांग : मीठ चालतं. रोज चालतं. फक्त वजनाच्या आधीचे काही दिवस नाही. वजन झालं की लगेच काहीही खाता येतं.

रविवारी फोन करीन तेव्हा त्यांना उठू नका म्हणून सांगू नकोस. आपणहून बसले तर बसू देत.

कल्पिता


गोराई,
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय कल्पू,

गेल्या तीन रविवारी ते फोनच्या वेळी उठले नाहीत हे तुला आईनं सांगितलंच असेल. बोलले नाहीत हेही खरं. या पत्राचं कारण वेगळं. आज जेवताना त्यांनी विचारलं, वजन किती वाजता करतात. मी म्हटलं, सकाळी सातला. मग विचारलं, बापाला आत सोडतात का. मी म्हटलं, खोलीत नाही, दाराबाहेर उभं राहता येतं. त्यावर "हं" केलं.

नंतर म्हणाले, "वजन बघायला येईन. मार बघायला नाय."

मी काही समजावलं नाही. इतकं तरी शिकले.

आठ डिसेंबरला आम्ही दोघं पहिल्या बोटीनं निघू. आई येणार नाही. ती म्हणते, तुम्ही गेलात तर घरात देवापाशी कुणीतरी बसायला हवं.

ताई


मुलुंड,
१० डिसेंबर २०२४

ताई,

तू तिथेच होतीस तरी लिहिते, कारण सगळ्या गडबडीत आपलं नीट बोलणं झालंच नाही. निकाल लागल्यावर मला डॉक्टरकडे नेलं आणि मग थेट आमच्या बसमध्ये.

वजनाच्या खोलीत आम्ही रांगेत उभ्या होतो. मागच्या वेळी ज्या बाई काट्यापाशी होत्या, त्याच. त्यांनी मला ओळखलं. मी काट्यावर चढले आणि आकडा बघितलाच नाही, समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, त्रेपन्न सहाशे, उतर. मी उतरले नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, बेटा उतर, झालं.

बाहेर आले तर बाबा एकटे. तू चहा आणायला गेली होतीस. इस्त्रीचा शर्ट, आणि हात कुठे ठेवावेत कळत नसल्यासारखे मागे बांधलेले. मी बोटांनी दाखवलं, झालं म्हणून. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिकाम्या हातानं आलो." ताई, आपल्या गावचा माणूस कुणाकडे रिकाम्या हातानं जातो का गं? बारशाला नाही, दवाखान्यात नाही. एवढ्या वर्षांत मी बाबांना गावाबाहेर जाताना हातात पिशवी नसलेलं पाहिलं नाही. मला एकदम रडू यायला लागलं, म्हणून म्हटलं, मला भूक लागलीय, तुम्हीच काहीतरी खायला घाला.

मग रस्त्यापलीकडच्या उडप्याकडे गेलो, पुढचं तू बघितलंसच. चार इडल्या, एक मसाला डोसा, दोन केळी. त्यांनी काही खाल्लं नाही, नुसतं बघत होते. मला वाटलं आता ते जातील. तसंच ठरलं होतं. मी म्हटलं पण, बाबा, तुम्ही निघा, दुपारी बोटीला गर्दी होईल. ते बिल द्यायला उठले.

नंतर मी रिंगमध्ये चढले तेव्हा तू बाकावर दिसलीस आणि तुझ्या शेजारी इस्त्रीचा शर्ट. त्यानंतर मी वर बघितलं नाही. मॅडमची ताकीद होती. शिवाय ते मध्येच उठून गेलेले दिसले असते तर माझ्या हातातलं बळ गेलं असतं. पहिली फेरी मी घालवली हे मला कळत होतं. दुसरीत माझा उजवा हात दोन-तीनदा छान बसला. तिसरीत तिचा एक ठोसा डाव्या कानशिलावर असा बसला की दिवे हलले, पण मी पुढे जात राहिले. तीन विरुद्ध दोन. दोन पंचांना ती जिंकली असं वाटलं, तिघांना मी. माझा हात वर केला तेव्हा मी तिथे होते. तेवढं पुरे.

मी राज्याच्या संघात आहे. खाट माझीच आहे. मॅडम बसमध्ये झोपल्या, घोरत होत्या, आम्ही सगळ्या हसत होतो.

मी रिंगमधून उतरले तेव्हा बाबा बाकावर नव्हते. तू म्हणालीस, बाहेर गेलेत, पाणी प्यायला. ताई, खरं सांग. ते कधी उठले? पहिल्या फेरीत की नंतर? काहीही असलं तरी चालेल. पण मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, जे झालं तेच लिही.

कल्पिता


गोराई,
१५ डिसेंबर २०२४

प्रिय कल्पू,

जे झालं तेच लिहिते.

पहिल्या फेरीत त्यांनी तुझ्याकडे पाहिलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मला विचारलं, एक फेरी किती मिनटाची. मी म्हटलं, तीन. अशा किती. तीन. मग ओठ हलवून मोजत बसले. तुला पहिला ठोसा बसल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. अजून निळं आहे.

दुसरीत मान थोडी खाली करून तुझ्या पायांकडे बघायला लागले. फक्त पायांकडे. होडीच्या फळीवर उभ्या असलेल्या माणसाचे पाय बघतात ना, तसे. मध्येच एकदा म्हणाले, पाय चांगले आहेत. कुणाला सांगत होते कुणास ठाऊक.

तिसरीत तुझ्या कानशिलावर तो ठोसा बसला तेव्हा ते उठले. आता जातील असं मलाही वाटलं. पण ते उभेच राहिले. मागचे लोक बसा बसा म्हणून ओरडायला लागले, एकानं शर्ट ओढला, तरी बसले नाहीत. घंटा होईपर्यंत उभ्यानं बघितलं, सगळं, तुझ्या चेहऱ्याकडे. तुझा हात वर झाल्यावर मग बाहेर गेले. पाणी प्यायलाच गेले होते. नळाखाली डोकं धरलेलं मी बघितलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, कशी खेळली पोर. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, ओट्यावर बसले आणि आईला न सांगता मला म्हणाले,

"डावीकडनं उघडी पडते ती. उजवा हात टाकला की डावा खाली येतो. कुनी सांगत नाय का तिला?"

ताई